हौशी बिनतारी केंद्र : संचाची निवड
२६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाने भुजचे दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हौशी बिनतारी केंद्रांनी निरोप पोहोचविले. असा उपयोग ध्यानी ठेवूनच नव्या परवानाधारकाने संच निवडावा.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा हातातील संच स्वस्त व सुटसुटीत असतो; परंतु डोंगराआड त्याचा पल्ला खुंटतो. जिल्ह्याबाहेर संपर्क साधण्यासाठी ७ मेगाहर्ट्झचा लघुलहरी संच हवा. त्यास मधोमध छेदून केबल जोडलेली, सुमारे २० मीटर लांबीची तांब्याची तार एरियल म्हणून पुरते. महागड्या संचापेक्षा उंच व नीट बांधलेल्या एरियलवर खर्च करणे श्रेयस्कर. संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा असावा. कारण आपत्तीत प्रथम जाते ती वीज.