अंध विद्यार्थ्यासाठीं लॅपटॉप घेतांना

गेल्या महिन्यांत आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. त्यांचा पुतण्या जन्मांध असून महाविद्यालयांत शिकतो. त्याच्यासाठीं वडील मंडळींनीं मोठ्या हौसेनें, पदरचे पुष्कळ पैसे घालून, रुंद व लखलखीत पडद्याचा लॅपटॉप आणला होता. मात्र त्या मुलास दुकानांत नेण्याचें कोणाच्याच मनांत आलें नव्हतें! अशा चुका प्रेमापोटींच होतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

अंध मनुष्य संगणक वापरतो तो बहुधा 'स्क्रीन रीडर' नांवाच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्यानें. पडद्यावरील मजकूर तें मोठ्यानें वाचून दाखवितें, आणि वापरणारा माउसला हात न लावतां सर्व कामें कीबोर्डवरून करतो. पूर्वीं हीं साधनें इतकीं महाग होतीं कीं, सामान्य गृहस्थानें त्यांच्या वाटेस जाऊं नये. ही अडचण जाणून मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं विंडोजसाठीं 'एनव्हीडीए' लिहावयास घेतलें; जेम्स टेह हा त्याचा अंध मित्रही या कामीं त्यास येऊन मिळाला. तें आज विनामूल्य मिळतें. शिवाय तें मुक्त आहे. म्हणजे त्याची रचना कोणासही पाहतां, सुधारतां व दुसऱ्यास देतां येते. लिनक्सवर हेंच काम 'ऑर्का' करतें.

दोहोंपैकीं कोणतें घ्यावें? ज्या महाविद्यालयांत वा कचेरींत विंडोज चालतें, तेथें एनव्हीडीए सोयीचें. मुलास संगणकशास्त्राची गोडी असेल, किंवा जुनें यंत्र उपयोगांत आणावयाचें असेल, तर लिनक्सचा अवश्य विचार करावा. मात्र नव्या यंत्रावर लिनक्समधून आवाज नीट निघतो कीं नाहीं, तें आधीं पाहावें. डोळसाच्या यंत्राचा आवाज गेला तर गाणें थांबतें. अंधाच्या यंत्राचा गेला तर सगळेंच काम थांबतें.

यंत्र पाहतांना पडद्यापेक्षां कळांकडे लक्ष द्यावें. एफ व जे या कळांवरील उंचवटे बोटांस स्पष्ट लागतात काय? बाणांच्या कळा दाटीवाटीनें बसविलेल्या नाहींत ना? होम, एंड व इन्सर्ट या कळा स्वतंत्र आहेत काय? कानांत घालावयाच्या यंत्रासाठीं भोंक आहे काय? ८ जीबी स्मृति व एसएसडी असल्यास बोलण्यांत खोळंबा होत नाहीं. भारी चित्रशक्तीवर मात्र पैसा घालवूं नये. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरूनही चालतें. तें बरोबर नेऊन, दुकानदाराच्या परवानगीनें, मुलानें स्वतःच्या बोटांनीं यंत्र पारखावें. यंत्र सुरू होण्यापूर्वींच्या मूळ मांडणीचे पडदे मात्र सहसा बोलत नाहींत; तेथें एकदां डोळसाची मदत लागते.

आतां मराठीचा प्रश्न. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या 'ईस्पीक एनजी'मध्यें मराठी आवाज आहे. तो कांहींसा यांत्रिक वाटतो, पण थोड्या सरावानें कानाच्या अंगवळणी पडतो. परंतु मजकूर युनिकोडमध्यें हवा. जुन्या फाँटमधील मराठी ऐकतांना निव्वळ निरर्थक अक्षरें कानीं पडतात. आणि लग्नपत्रिकेचें नुसतें चित्र पाठविलें तर स्क्रीन रीडरला त्यांतील मजकूर सहसा आपण होऊन वाचतां येत नाहीं. तेव्हां घरच्यांनीं चित्राखालीं दोन ओळी लिहावयाची संवय लावून घ्यावी. तिला खर्च कांहींच नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं दुकानदारास विनंती करून तें यंत्र बदलून घेतलें. या वेळीं निवड पुतण्यानें केली. पुढें आम्ही गेलों तेव्हां तो महाविद्यालयाकडून आलेलें पत्र ऐकत बसला होता. काकू संवयीनें म्हणाल्या, "आण, मी वाचून दाखवितें." तो हंसून म्हणाला, "काकू, माझें वाचून झालें. तुम्हांलाच सांगूं का काय लिहिलें आहे तें?"

घरांत वाचून दाखविणारीं माणसें असणें हें भाग्यच. परंतु स्वतःचें पत्र सर्वांआधीं स्वतः वाचण्याचा हक्क त्याहून मोठा आहे. लॅपटॉप घ्यावयाचा तो त्यासाठीं.