ख्रिस्ती मिशनकार्य आणि मंडळीचे आर्थिक पाठबळ : चढ-उतारांचे स्वरूप

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनऱ्यांनी भारतात केलेल्या शैक्षणिक, भाषिक व मुद्रणविषयक कार्याची चर्चा मराठीत विपुल झाली आहे. मात्र हे कार्य ज्या पैशावर उभे राहिले, तो पैसा कोठून येत होता, कसा जमवला जात होता आणि तो आटला की काय घडत होते, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. मिशनरी हा बहुधा शासकीय नोकर नव्हता वा श्रीमंतही नव्हता. मायदेशातील मंडळीच्या वर्गणीवर त्याचा चरितार्थ चालत असे. ही वर्गणी ऐच्छिक असल्याने अनिश्चित होती. प्रस्तुत लेखात विल्यम केरी, अमेरिकन बोर्ड व पंडिता रमाबाई यांच्या उदाहरणांच्या आधारे या पाठबळाचे चढ-उतार स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

केरी : वर्गणीकडून स्वावलंबनाकडे

२ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधील केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. त्या दिवशी वर्गणीचा आकडा १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढाच होता. संस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांना पुढे आयुष्यभर निधीसाठी फिरावे लागले. स्कॉटलंडपर्यंत त्यांनी वारंवार प्रवास केले. केरी नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले आणि लवकरच जवळचा पैसा संपला. मदतीसाठी पत्र लिहून उत्तर येईपर्यंत वर्ष उलटे. त्यामुळे १७९४ मध्ये त्यांनी मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. मायदेशातील काही वर्गणीदारांना हा व्यवहार मिशनकार्याला बाधक वाटला. म्हणजे मदत वेळेवर पोहोचत नाही, आणि मिशनऱ्याने स्वतः कमावले तर तेही रुचत नाही, असा हा पेच होता.

पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात १८०१ पासून केरींना दरमहा ५०० रुपये व १८०७ पासून १,००० रुपये वेतन मिळू लागले. तेथेच बंगाली व संस्कृतबरोबर ते मराठीही शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. सेरामपूरचे मिशनरी आपली कमाई सामायिक निधीत टाकत. मराठी गद्याच्या आरंभकाळातील या साधनांचा संबंध मिशनच्या आर्थिक गरजेशी असा जोडलेला आहे.

११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली आणि सुमारे १० हजार पौंडांची हानी झाली. ही वार्ता ब्रिटनमध्ये पोहोचताच अवघ्या काही आठवड्यांत तेवढी रक्कम जमा झाली. आपत्तीची बातमी लोकांच्या मनाला भिडते. शिक्षकाचा पगार, कागद, घरभाडे यांसारख्या नित्य खर्चाला मात्र तसे आवाहनमूल्य नसते. पाठबळाच्या चढ-उताराचे हे एक मूलभूत कारण होय.

फुलर १८१५ मध्ये निवर्तले आणि विश्वासाचा दुवा तुटला. सेरामपूरची मालमत्ता कोणाची आणि निर्णय कोणी घ्यायचे, यांवरून वाद वाढला. १८२७ मध्ये सेरामपूर मिशन मूळ संस्थेपासून वेगळे झाले. १८३० पासून कलकत्त्यातील मोठ्या व्यापारी पेढ्या बुडू लागल्या तेव्हा या स्वावलंबी मिशनचीही ओढाताण झाली. स्वतःची कमाईदेखील चढ-उतारांपासून मुक्त नव्हती, हे यावरून दिसते.

अमेरिकन बोर्ड : मतांतर आणि मंदी

१८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने १८१२ च्या फेब्रुवारीत आपले पहिले मिशनरी भारताकडे धाडले. त्यांपैकी अॅडोनिराम जडसन व ल्यूथर राइस हे कलकत्त्यास पोहोचल्यावर बॅप्टिस्ट मताचे झाले. ज्या मंडळींनी त्यांना पाठवले होते, त्यांच्याशी संबंध तोडणे त्यांना भाग पडले. परदेशात, कोणाचाही आधार नसताना, सदसद्विवेकबुद्धीला साक्ष ठेवून घेतलेला हा निर्णय होता. नवा आधार उभारण्यासाठी राइस १८१३ मध्ये अमेरिकेस परतले. त्यांच्या खटपटीने १८१४ मध्ये फिलाडेल्फिया येथे बॅप्टिस्टांचे मिशनरी संघटन निर्माण झाले. जडसन ब्रह्मदेशात कार्य करू शकले ते या आधारावर. राइस मात्र १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निधी व संघटनेच्या कामातच गुंतून राहिले. मिशनक्षेत्रात ते परत गेलेच नाहीत.

बोर्डाशी एकनिष्ठ राहिलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. या मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. १८३७ च्या अमेरिकेतील आर्थिक अरिष्टात बोर्डाने सर्व क्षेत्रांना खर्च कमी करण्यास सांगितले. सिलोनमधील जाफना येथे अनेक शाळा बंद कराव्या लागल्या. बॉस्टन-न्यूयॉर्कमधील पेढ्या कोसळल्या, त्याची किंमत जाफन्यातील मुलांनी मोजली. पैसा देणारा व त्याचा लाभ घेणारा यांच्यातील हे अंतर केवळ भौगोलिक नव्हते. निर्णयप्रक्रियेत लाभार्थ्याला स्थानच नव्हते.

पंडिता रमाबाई : पाठबळ आणि अटी

‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील, ही भूमिका या साहाय्यामागे होती. पुढे सदन पुण्यास हलले. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या कारणावरून १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अमेरिकेतील पाठबळ टिकले, पण स्थानिक प्रतिष्ठितांचे गेले. पाठबळ म्हणजे केवळ रक्कम नव्हे, तर समाजमान्यताही होय, हे या प्रसंगातून ध्यानात येते. दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ मध्ये त्यांना पुन्हा अमेरिकेस जावे लागले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या काळात त्यांचा भर प्रार्थना व विश्वास यांवर वाढत गेला.

स्वदेशी पाठबळाचा विचार

बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन यांनी स्थानिक मंडळी स्वावलंबी असावी, हे सूत्र मांडले. भारतीयांनी त्याला स्वतःचा अर्थ दिला. १९०५ मध्ये सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने भारतीय माणसे, भारतीय पैसा व भारतीय व्यवस्थापन हे तत्त्व स्वीकारले. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची सवेतन सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. मिझोराममध्ये १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची प्रथा रूढ झाली. गरिबालाही देता येईल असे हे दान रोजचे असल्यामुळे त्यात सातत्य आहे. परकीय अंशदानावरील १९७६ व २०१० चे कायदे आणि २०२० ची दुरुस्ती यांमुळे परदेशी निधीचे नियमन कडक झाले. त्यामुळे हा विचार आज अधिकच प्रस्तुत ठरतो.

निष्कर्ष

१. मिशनच्या पाठबळातील चढ-उतार अर्थव्यवस्था, मतभेद, व्यक्तिगत विश्वास व आवाहनाचे स्वरूप या चार घटकांवर अवलंबून राहिले.
२. आपत्तीसाठी निधी लवकर जमतो. नित्य कार्यासाठी तो टिकवणे कठीण असते.
३. दात्याच्या अटींचा कार्यकर्त्याच्या विवेकाशी संघर्ष झाल्यास पाठबळ तुटते किंवा नव्याने जोडावे लागते.
४. लहान, नियमित व स्थानिक दान रकमेने अल्प असले तरी कार्यकर्त्याला ज्यांची सेवा करायची त्यांनाच उत्तरदायी ठेवते.

समारोप

मिशनरी कार्याचे मूल्यमापन करताना त्याचे हिशेबही वाचले पाहिजेत. कोणती शाळा उघडली याइतकेच ती का बंद पडली, हेही इतिहासाने नोंदवणे आवश्यक आहे. ऐच्छिक देणग्यांवर चालणाऱ्या आपल्याकडील शिक्षणसंस्था व सामाजिक संस्थांनाही हा प्रश्न परका नाही.