चिखलणीच्या रात्री छोट्या ट्रॅक्टरवरचा उजेड

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांत भात हेच अजूनही खरिपाचे मुख्य पीक आहे, आणि पावसाने खाचरे भरली की चिखलणी व आवणी, म्हणजे भाताची लावणी, यांची एकच घाई उडते. बांधाबांधांनी तुटलेल्या खाचरांत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून तेथे १५ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर रोटाव्हेटर जोडून उतरवतात. भाड्याने फिरणाऱ्या अशा ट्रॅक्टरचे काम पुष्कळदा दिवस मावळल्यावरही चालू राहते, आणि कारखान्यातून आलेले दोन दिवे पुढची वाट तेवढी दाखवतात.

काम आणि धोका मात्र दोन्ही मागे असतात. इंजिनाची फिरती शक्ती अवजाराला पुरवणारा पीटीओ हा दांडा सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि त्याच्या जोरावर रोटाव्हेटरची पाती चिखलात फिरतात. कडेला पेंढ्या घेऊन उभा असलेला माणूस चालकाला दिसला नाही, तर पुढचा उजेड कितीही लख्ख असून उपयोग नाही. त्यामुळे वाढीव दिव्यांतला, ज्याला वर्क लाइट म्हणतात त्यातला, पहिला जोड मागच्या मडगार्डवर किंवा छताच्या मागच्या कडेला बसवणे हेच शहाणपणाचे. पाणथळ खाचरात दिव्याचा कोनही महत्त्वाचा ठरतो, कारण तिरप्या पडणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग पाण्यावरून परावर्तित होऊन पलीकडे निघून जातो व पाणी काळेच दिसते. दिवा उंचावर लावून त्याचे तोंड चांगले खाली झुकवले, तर प्रकाश पाण्यात शिरतो आणि तळाचे ढेकूळ, दगड नजरेस येतात.

दिवा विकत घेणे सोपे असते. खरी परीक्षा वायरिंगची. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, आणि वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर, म्हणजे वायरीतून वाहणारा प्रवाह, मिळतो. ५५ वॉटचे चार हॅलोजन दिवे लावल्यास प्रवाह १८ अँपिअरच्या वर जातो, तर १८ वॉटच्या चार एलईडी दिव्यांना ६ अँपिअर पुरतात. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत ५ मीटर आणि परतीची ५ मीटर अशी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, तर हॅलोजनच्या प्रवाहात सुमारे २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि हॅलोजनचा स्वभाव असा की १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले की त्याचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. पुष्कळ शेतकरी अशा वेळी दिव्याला दोष देऊन आणखी मोठा दिवा आणतात, आणि बारीक वायर अधिकच तापते. एलईडीसाठी अडीच चौरस मिलिमीटरची बहुतारी वायर घेतली, तर हीच घट ०.४ व्होल्टवर थांबते. घरगुती फिटिंगची एकतारी वायर येथे चालत नाही, कारण इंजिनाच्या सततच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते.

सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या लहानशा बटणातून नेऊ नये, त्यासाठी रिले असतो. रिले म्हणजे विजेने चालणारे बटणच: ८५ आणि ८६ या टोकांना बटणाकडून येणारा किरकोळ प्रवाह मिळाला की आतले वेटोळे चुंबक बनते आणि ३० क्रमांकाच्या टोकावर बॅटरीहून आलेली वीज ८७ मधून दिव्यांकडे सोडते. बटणाचा पुरवठा किल्लीनंतरच्या वायरीवरून घेतला, तर किल्ली काढताच दिवे विझतात. एरवी विसरून राहिलेले ६ अँपिअरचे दिवे ५० अँपिअर-तासांची बॅटरी आठ-साडेआठ तासांत रिकामी करतात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासून लोखंडाला टेकली तर आग रोखणारे काहीच उरत नाही. ६ अँपिअरच्या भाराला १० अँपिअरचा फ्यूज योग्य. तो वारंवार उडू लागला म्हणून तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे संरक्षणच काढून टाकणे होय.

परतीची वायर जवळच्या बोल्टला टेकवण्याची रीत सर्रास आढळते, पण रंग, गंज आणि खाचराचा चिखल यांनी तो सांधा एका पावसाळ्यातच खराब होऊ शकतो, त्यामुळे ती थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेलेली बरी. काम सुरू करताना ऋण टोक आधी सोडावे व शेवटी जोडावे. धन टोक सोडताना पाना बॉडीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. वायर नालीदार नळीत घालून सायलेन्सरपासून दूर बांधावी. दिव्यावर ‘आयपी ६७’ असा शिक्का असेल, तर त्यात धूळ शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडूनही तो टिकतो, असा त्याचा अर्थ. कोकणच्या पावसाला त्याहून कमी दर्जाचा दिवा घेऊ नये.

हे दिवे शेतापुरतेच आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाच्या पुढे स्पॉट लाइट वा सर्च लाइट लावण्यास नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीखेरीज मनाई आहे, आणि मागचा पांढरा झोत पाठीमागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे डोळे दिपवतो, म्हणून बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर येताच ते बंद केलेच पाहिजेत. जोडणी पुरी झाल्यावर इंजिन चालू ठेवून सर्व दिवे लावावेत आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीवरचे, मग शेवटच्या दिव्याच्या टोकांवरचे व्होल्ट मोजावेत. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला, तर एकेक सांधा हाताने चाचपून जो तापलेला लागेल तो उघडून पुन्हा करावा.