संप प्राध्यापकांचा, झळ लिंबागणेशला

प्राध्यापकांचा संप म्हटला की पारावर दोनच वाक्ये ऐकू येतात : ‘यांना कितीही द्या, कमीच’ आणि ‘पोरांचे वर्ष गेले.’ बीड तालुक्यातले लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचे गाव. इथल्या मुलामुलींना पदवीसाठी एक तर मांजरसुंब्यावरून बीड गाठावे लागते, नाही तर पाटोदा. दोन्हीकडची महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. त्यामुळे पुण्या-मुंबईत पुकारलेल्या संपाची झळ इथपर्यंत पोचतेच. २००९, २०१३ आणि २०१८ असे तीन मोठे संप राज्याने पाहिले. त्यांच्याबद्दलचे काही पक्के बसलेले समज तपासून पाहू.

गैरसमज १ : संप असतो तो फक्त पगारवाढीसाठी.

वस्तुस्थिती : पैशाचा प्रश्न तिन्ही वेळा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००९ चा संप १४ जुलै ते २६ ऑगस्ट असा ४४ दिवस चालला आणि त्याच्या मुळाशी सहावा वेतन आयोगच होता. सरकारने १२ ऑगस्टला शासन निर्णय काढला, तरी संप आणखी दोन आठवडे लांबला.

२०१३ ची गोष्ट वेगळी. तेव्हा नवी वाढ मागितली जात नव्हती. मागणी होती मंजूर वेतनाच्या थकबाकीची. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातल्या वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राने उचलायचा, असे ठरलेले होते. कबूल केलेले पैसे मागणे आणि जास्तीचे मागणे यांत फरक आहे. शेतमाल घालून पट्टीची वाट पाहणाऱ्याला तो वेगळा सांगायला नको. २०१८ च्या आंदोलनात तर रिक्त पदे भरण्याची मागणी ठळक होती, कारण २५ मे २०१७ च्या शासन निर्णयाने नव्या भरतीला खीळ बसली होती.

गैरसमज २ : नेट-सेट नापासांना वाचवण्यासाठी मुलांना वेठीस धरले.

वस्तुस्थिती : हा वाद १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या प्राध्यापकांचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये पात्रता परीक्षेची अट घातली. राज्याची सेट परीक्षा मात्र १९९५ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात वर्ग तर चालवायचे होते. मग जे मिळाले त्यांना नेमले गेले आणि ते पुढे वर्षानुवर्षे शिकवत राहिले. गुणवत्तेचा आक्षेप खोटा नाही, पण तो नेमणुकीच्या वेळी घ्यायला हवा होता. माणसाच्या डोक्यावर वीस वर्षे टांगती तलवार ठेवून नव्हे. अखेर २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने या सेवा नियमित झाल्या, तेही निर्णयाच्या तारखेपासून. आधीच्या सेवेचे काय, हा झगडा पुढे न्यायालयांत गेला.

गैरसमज ३ : संप म्हणजे महाविद्यालयाला कुलूप आणि वर्ष वाया.

वस्तुस्थिती : २०१३ मध्ये ४ फेब्रुवारी ते १० मे, असे ९६ दिवस चालला तो परीक्षेच्या कामावरचा बहिष्कार होता, शिकवण्यावरचा नव्हे. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तो मिटला. परीक्षा रखडल्या, निकाल लांबले, पण वर्ष बुडाले नाही.

मात्र ‘वर्ष बुडाले नाही’ म्हणून झळ लागलीच नाही, असेही नाही. ज्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात, त्या मुलाच्या हाती गुणपत्रक महिनाभर उशिरा पडणे ही साधी बाब नसते. पुढच्या प्रवेशाची, शिष्यवृत्तीच्या अर्जाची, भरतीच्या जाहिरातीची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. शहरातला मुलगा तोवर एखादा क्लास लावतो. इथला मुलगा उचल घेतलेल्या टोळीबरोबर फडात जातो आणि परत वर्गात येईलच, याची खात्री देता येत नाही.

आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. कोरोनानंतर २० ऑक्टोबर २०२१ रोजी महाविद्यालये उघडली आणि महिना संपायच्या आत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. वर्गात प्राध्यापक हजर, पण गावातून बस नाही. एसटीच्या पासावर शिकणाऱ्या मुलीसाठी महाविद्यालय बंद असल्यात जमा होते. तिची हजेरी प्राध्यापकांपेक्षा बसवर जास्त अवलंबून असते.

गैरसमज ४ : संप करणाऱ्यांच्या खिशाला तोशीस नसते.

वस्तुस्थिती : २०१३ मध्ये ‘काम नाही, तर वेतन नाही’ हे तत्त्व लावून ७१ दिवसांचे वेतन रोखण्यात आले. परीक्षेवर बहिष्कार होता, शिकवणे चालू होते, मग पूर्ण पगार का कापला, असा संघटनांचा सवाल होता. पाच वर्षांनी, २०१८ मध्येही, ‘७१ दिवसांचे वेतन द्या’ ही मागणी निवेदनात कायम होती.

गैरसमज ५ : दिवसाला दोन तास शिकवायचे आणि लाखाचा पगार घ्यायचा.

वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास असतात, एकूण कामाचा आठवडा ४० तासांचा धरलेला आहे. पेपर तपासणे, प्रात्यक्षिके, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे त्यातच. सातव्या वेतन आयोगात या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि भत्ते वेगळे. हा पगार चांगलाच आहे. तो घेऊन तास न घेणारे कोणी असतील, तर त्यांना जाब विचारायलाच हवा.

पण खरी गोम पुढे आहे. अनेक महाविद्यालयांत वर्गावर येणारे ‘सर’ आणि ‘मॅडम’ हा पगार घेतच नाहीत. ते ‘सीएचबी’वर, म्हणजे तासिका तत्त्वावर असतात. जितके तास घेतले तितकेच मानधन. दिवाळीची सुट्टी लागली की मानधन बंद, उन्हाळ्यात शून्य. शैक्षणिक वर्ष संपले की नेमणूकही संपते आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे राहायचे. तासिकाही नियमित कार्यभाराच्या निम्म्याच्या आसपास मिळतात. पीएच.डी. झालेला माणूस सकाळी बीडला तास घेतो आणि दुपारी दुसरीकडे जोडधंदा बघतो, हे इथे कोणाला नवलाचे वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये सुचवले. म्हणजे ही कमाल मर्यादासुद्धा कायम प्राध्यापकाच्या पहिल्या मूळ वेतनापेक्षा कमी.

असा माणूस संपावर जात नाही. त्याला परवडतच नाही. पारावर ज्याच्या पगारावर तोंडसुख घेतले जाते तो एक, आणि मुलांना रोज शिकवतो तो बऱ्याचदा दुसराच.

गैरसमज ६ : संप मिटला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : २५ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेले कामबंद आंदोलन ऑक्टोबरात मागे घेतले गेले. ३ नोव्हेंबरला सरकारने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला मान्यता दिली. रिक्त पदांपैकी ती फक्त ४० टक्के होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणखी २,०८८ पदांना हिरवा कंदील मिळाला. मान्यता मिळणे आणि वर्गावर माणूस येणे यांत मात्र ना-हरकत, आरक्षणाची बिंदुनामावली, जाहिरात, मुलाखत असा लांबचा रस्ता असतो. तोवर निवृत्त होणारे निवृत्त होतच असतात.

तेव्हा संपाला नावे ठेवायची तर जरूर ठेवा. परीक्षेच्या तोंडावर मुलांची अडवणूक करणे समर्थनीय नाहीच. पण संपाचे ९६ दिवस मोजणाऱ्यांनी वर्षानुवर्षे रिकाम्या असलेल्या जागाही मोजाव्यात. प्राध्यापक संपावर असला तर निदान बातमी होते. प्राध्यापक नेमलाच नसेल तर त्याची कुठे ओळही छापून येत नाही. लिंबागणेशच्या पालकांनी पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेताना फीबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : या विषयाची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? उत्तर टाळले गेले, तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये लागतात.