दवंडी कर्नेलची, निर्णय गावाचा

उसाच्या हंगामात खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्याची सगळ्यात बारीक नजर असते ती काट्यावर. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, ऊस उतरवून रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते, आणि या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वर्षभराची मेहनत. भरल्या गाड्यांसाठी एक आणि रिकाम्यांसाठी दुसरा असे दोन काटे असलेली एखादी खोली डोळ्यांसमोर आणा. समजा, तिथल्या संगणकावर लिनक्स चालतं. दोन्ही काट्यांचे आकडे दाखवणाऱ्या पेट्यांमधून एकेक वायर निघते, बोटाएवढ्या कन्व्हर्टरमधून जाते आणि संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये बसते. या कन्व्हर्टरना लिनक्स नाव देतं ते सापडण्याच्या क्रमानं. आधी सापडला त्याला शून्य क्रमांक, नंतरच्याला एक. दिवसभर सगळं सुरळीत चालतं. मग लाईट जाते, दहा मिनिटांनी येते, संगणक पुन्हा सुरू होतो, आणि या खेपेला दुसऱ्या काट्याचा कन्व्हर्टर आधी जागा होतो. शून्य आणि एक यांची अदलाबदल होते. कुणी काटा मारलेला नसतो, कुणाच्या मनात पाप नसतं, तरी भरल्या ट्रॉलीच्या रकान्यात रिकाम्या काट्याचा आकडा येऊन बसतो.

यंत्र जोडलं गेलं, काढलं गेलं, बदललं, यातल्या प्रत्येक गोष्टीला संगणकाच्या भाषेत घटना म्हणतात. घटना घडली की पुढचं काम माणसानं हात न लावता व्हावं, ही अपेक्षा आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कुणी विचारही करत नाही. पेनड्राइव्ह लावला की खिडकी उघडली पाहिजे, प्रिंटर लावला की छापायला लागला पाहिजे. पण आपोआप म्हणजे कुणाच्या म्हणण्यानुसार? माझं मत असं, की बातमी देण्याचं काम व्यवस्थेच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नेलनं करावं. त्या बातमीवर काय करायचं हे मात्र त्या यंत्राशेजारी बसणाऱ्या माणसाला वाचता येईल आणि बदलता येईल अशा नियमात असावं. लिनक्ससारख्या, युनिक्सच्या घराण्यातल्या व्यवस्था बऱ्याच चुका करून याच ठिकाणी येऊन पोचल्या आहेत.

आधी बातमी कशी निघते ते पाहू. यूएसबी उपकरणाच्या पोटात दीड किलो-ओहमचा एक रोधक असतो. वायर पोर्टमध्ये शिरली की हा रोधक डेटाच्या दोन तारांपैकी एक तार वर ओढून धरतो. कोणती तार ओढली गेली त्यावरून उपकरण मंद चालीचं की जलद चालीचं हेही कळतं. हात हलल्यानं जोडणी थरथरते, म्हणून किमान १०० मिलिसेकंद वाट पाहिली जाते. मग उपकरणाला रीसेट केलं जातं आणि विचारपूस सुरू होते. नव्या पाहुण्याचा पत्ता सुरुवातीला शून्य असतो, मग त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. तो स्वतःची ओळख १८ बाइटांच्या एका छोट्या पत्रकात सांगतो. बनवणारा कोण, नमुना कोणता, अनुक्रमांक कुठे लिहिला आहे, सगळं त्यात असतं. त्याला आणखी एक प्रश्न विचारता येतो, आणि खानापूरच्या माणसाला तो जवळचा वाटावा: तू कोणकोणत्या भाषांत बोलतोस? यूएसबीच्या भाषांच्या यादीत मराठीला ११०२, कन्नडला १०९९ आणि कोकणीला ११११ असे वेगवेगळे क्रमांक आहेत. या तालुक्यात कानावर पडणाऱ्या तिन्ही भाषांना त्या यादीत जागा आहे. बाजारातली बहुतेक उपकरणं मात्र १०३३ एवढं एकच उत्तर देतात, आणि तो क्रमांक अमेरिकी इंग्रजीचा.

एवढं झालं की कर्नेल दवंडी पिटतो. दवंडी हा शब्द इथे चपखल बसतो, कारण हा निरोप कुणा एकाच्या कानात सांगितलेला नसतो. जो ऐकायला बसला असेल त्या प्रत्येक प्रोग्रामला तो ऐकू येतो. त्यात मोजक्याच ओळी असतात: काय घडलं, कुठे घडलं, कोणत्या जातीचं उपकरण आहे, आणि ही कितवी दवंडी. पुढे काय करायचं याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. गावात दवंडी देणारा पाणी कधी सुटणार ते सांगतो, कुणी घागर घ्यावी आणि कुणी पिंप घ्यावं हे सांगत नाही, तसंच हे.

ही शिस्त सुरुवातीपासून नव्हती. युनिक्समध्ये जवळपास प्रत्येक उपकरण हे फाइलसारखं दिसतं आणि त्या सगळ्या फाइली डेव्ह नावाच्या डिरेक्टरीत राहतात. पूर्वी कोणतं उपकरण कधी येईल याचा नेम नसल्यामुळे, येऊ शकतील अशा सगळ्यांच्या नावाच्या फाइली आधीच मांडून ठेवत. २००३ च्या रेड हॅट ९ मध्ये अशा १८,००० हून जास्त नोंदी होत्या, आणि एखाद्या संगणकाला प्रत्यक्षात त्यातल्या मूठभर लागायच्या. लग्नाला कोण येईल माहीत नाही म्हणून अख्ख्या तालुक्याची पानं मांडावीत, तसला हा प्रकार. रिचर्ड गूच यांचं डेव्हएफएस २००० साली कर्नेलमध्ये आलं आणि जे उपकरण हजर आहे त्याचीच फाइल दिसू लागली. मोठी सोय झाली, पण नावं ठरवण्याचा अधिकार कर्नेलच्या पोटात गेला. एका उपकरणाला काय म्हणायचं हे जगभरच्या सगळ्या संगणकांसाठी एकाच ठिकाणी ठरू लागलं. २००३ च्या ओटावा लिनक्स परिषदेत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नेलबाहेर बसून दवंडी ऐकणारा आणि नावं देणारा यूडेव्ह हा प्रोग्राम मांडला तो याच मुद्द्यावर बोट ठेवून. नाव देणं हे धोरण आहे, धोरणाची जागा कर्नेलबाहेर आहे, असं त्यांचं म्हणणं. २००६ पर्यंत डेव्हएफएस कर्नेलमधून पूर्ण काढून टाकलं गेलं. युनिक्सच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीनं यूडेव्ह आलं त्याच सुमारास डेव्हडी आणलं. ओपनबीएसडीच्या हॉटप्लगडीचा थाट तर आणखी साधा आहे: उपकरण आलं की एक स्क्रिप्ट चालते, गेलं की दुसरी. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन बातमी आणि निर्णय यांच्यात तीच रेघ ओढली, हा मला या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

आता काट्याच्या खोलीत परत जाऊ. यूडेव्हचा नियम म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमधली एक ओळ. ती मराठीत वाचली तर अशी होईल: उपकरण सीरियल जातीचं असेल, बनवणाऱ्याचा क्रमांक अमुक असेल, अनुक्रमांक तमुक असेल, तर त्याला ‘भरला-काटा’ असं टोपणनाव दे. मूळ शून्य-एक नावं राहतात, पण वजनाचा प्रोग्राम आता टोपणनावानंच हाक मारतो. लाईट दहादा गेली आणि उपकरणं कोणत्याही क्रमानं जागी झाली, तरी ‘भरला-काटा’ म्हटलं की तोच काटा ओ देतो. या ओळीत एक बारीक खोच आहे. पारखायचं असेल तिथे बरोबरचं चिन्ह दोनदा लिहायचं, आणि द्यायचं असेल तिथे एकदा. पारखण्याच्या जागी चुकून एकदाच लिहिलं तर अट अटच राहत नाही. आणि स्वस्तातल्या कन्व्हर्टरना बरेचदा अनुक्रमांक नसतोच. दोन जुळे भाऊ, दोघांचं पत्रक अक्षरशः सारखं. तेव्हा नियमाला ओळख सोडून जागेवर जावं लागतं: डावीकडच्या पोर्टमध्ये जो आहे तो भरला काटा. हा उपाय चालतो, पण साफसफाई करताना कुणी वायरी काढून उलट्या लावल्या की पुन्हा घोळ. म्हणून अशा खोलीत अनुक्रमांक असलेला कन्व्हर्टर घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

क्रमावर विसंबायचं नाही, ओळखीवर विसंबायचं, हा धडा सर्व्हरवाल्यांनाही शिकावा लागला. दोन नेटवर्क कार्डं असलेल्या यंत्रात सुरू होताना त्यांची नावं बदलायची आणि आतल्या जाळ्याची वायर बाहेरच्या नियमांखाली यायची. २०१३ च्या जानेवारीत सिस्टमडीनं, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेनं, ज्यात यूडेव्ह आदल्याच वर्षी विलीन झालं होतं, कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. ती नावं लांबलचक आणि तोंडात न बसणारी आहेत, ही तक्रार आजही खरी आहे. आपल्याकडे सरकारी कारभारातही याच तत्त्वाचं रूप दिसलं. कर्नाटकात २००१ साली ‘भूमी’ प्रकल्पानं सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटींच्या घरातले उतारे संगणकावर आणले, तेव्हा तालुका कचेरीतल्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊन आत शिरावं लागे. त्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर युनिक्सच्या घराण्यातलं नव्हतं. पण नोंद कोणत्या खुर्चीवरून झाली यापेक्षा ती कुणी केली हे महत्त्वाचं, ही समज तीच.

पहिला आक्षेप सरळ आहे. सामान्य माणसाला या नियमांशी काय करायचं? सगळं आपोआप चालतंच आहे की. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्याचं कारण असं की लिनक्सच्या बहुतेक वितरणांसोबत, म्हणजे वापरायला तयार संचांसोबत, शेकडो नियम तयार येतात. डिस्कना त्यांच्या ओळखीवरून कायमची टोपणनावं मिळतात ती त्यातूनच. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नेल आहे आणि त्याची दवंडी ऐकायला यूइव्हेंटडी नावाचा प्रोग्राम बसलेला आहे. फरक असा की फोनमधले नियम कंपनीनं लिहिलेले असतात आणि तुम्हाला त्यांना हात लावता येत नाही. पेनड्राइव्ह लावून फोटो पाहण्यापुरतं तेवढं पुरतं. पण काटा, ठसायंत्र, दवाखान्यातलं तपासणीचं यंत्र, ही उपकरणं कुणा कंपनीच्या सर्वसाधारण अंदाजात बसत नाहीत. दोन जुळ्या कन्व्हर्टरपैकी भरल्या काट्याचा कोणता, हे तयार नियम लिहिणाऱ्याला कळणार कसं? ते काट्याच्या खोलीतच कळतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपोआप काही करणं म्हणजेच दार उघडं ठेवणं. २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवून दिलं की पेनड्राइव्हच्या आतला प्रोग्राम बदलला तर तो कीबोर्ड असल्याचं सोंग घेतो आणि स्वतःच कळा दाबू लागतो. ओळखीचं ते १८ बाइटांचं पत्रक उपकरण स्वतःच भरून देतं, आणि ते खोटंही भरता येतं. हे पूर्ण मान्य करायला हवं. यूडेव्हचा नियम म्हणजे कुलूप नव्हे. वजन बरोबर आहे याची हमी तो देत नाही, त्यासाठी वैधमापन खात्याचा शिक्काच लागतो. शिवाय नियमातून चालणारा प्रोग्राम सर्वाधिकार घेऊन चालतो, म्हणून कुणाच्याही सांगण्यावरून कुठलाही नियम डकवणं धोक्याचं. पण म्हणून काय आपोआपपण टाळायचं? यूएसबी उपकरण आलं तरी परवानगीशिवाय त्याला कामाला लावू नये, अशी खूण कर्नेलमध्येच आहे, आणि अनोळखी पाहुण्याला उंबऱ्यावर थांबवणं हाही नियमच आहे. नियम लपलेले असले तर दार कुणासाठी उघडं आहे हेच कळत नाही.

तिसरा आक्षेप अवघडपणाचा. घटना येऊन निसटून गेली तर? नियमातून लांबलचक काम सुरू केलं तर? या अडचणी खऱ्या आहेत. यूडेव्ह सुरू होण्याआधी आलेल्या उपकरणांसाठी, सुरुवातीलाच सगळ्यांची दवंडी नव्यानं पिटायला लावतात. तासभर चालणारी फाइलींची नक्कल नियमातून सुरू केली तर यूडेव्ह ती मध्येच मारून टाकतं, म्हणून असलं काम दुसऱ्या सेवेकडे सोपवायचं असतं. हे शिकावं लागतं. पण शिकणं आवाक्याबाहेरचं नाही. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे आणि आसपास अभियांत्रिकीची मुलं भरपूर आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. एक ओळ लिहून, वायर काढून पुन्हा लावून, दवंडी ऐकण्याची आज्ञा चालवून पाहिली की दहा मिनिटांत कळतं नियम लागू झाला की नाही. डोळ्यांसमोर ओळी सरकतात: आलं, गेलं, पुन्हा आलं.

त्या नियमाच्या फाइलमध्ये एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. टोपणनाव रोमन अक्षरांतच असावं असं बंधन नाही. देवनागरी, कन्नड अशी युनिकोडमधली अक्षरं यूडेव्हला चालतात, आणि एका उपकरणाला एकापेक्षा जास्त टोपणनावं देता येतात. दिवसपाळीचा माणूस मराठी वाचणारा आणि रात्रपाळीचा कन्नड वाचणारा असेल तर त्याच काट्याला देवनागरीत एक नाव आणि कन्नड लिपीत दुसरं देता येतं. दोन्ही एकाच वेळी जिवंत राहतात आणि दोन्ही त्याच वायरीकडे नेतात. वरच्या ओळीत हॅशचं चिन्ह टाकून पुढे काय हवं ते लिहावं, यंत्र ती ओळ वाचत नाही. भरल्या गाड्यांचा काटा, डावीकडचं पोर्ट, वायर हलवली तर ही ओळ बदलावी, एवढं लिहून ठेवलं की पुढच्या हंगामात खुर्चीवर बसणाऱ्या नव्या माणसाला कुणाला विचारत फिरावं लागत नाही.