कोड वाचला, दुखणं राहिलं

‘इंडिया 2000’ हे प्रदूषणाचे नियम देशभर लागू झाले, त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. नियम होते धुराचे. पण आमच्या गॅरेजांमधून कार्बोरेटर उठायला सुरुवात झाली ती त्यांच्यामुळे. त्याच साली मारुती 800 सुद्धा एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी, झाली. साताऱ्यातल्या आम्हा मेकॅनिक मंडळींच्या आयुष्यात एवढी मोठी उलथापालथ आधी झाली नव्हती, नंतरही नाही.

त्याआधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पद्मिनी असो, अँबेसेडर असो की 1983च्या डिसेंबरात आलेली मारुती. जेट फुंकायचे, स्लो स्क्रू फिरवायचा, पॉइंटचा गॅप बघायचा. कान आणि अंदाज यांवर पोट भरत होतं.

2000 ते 2010 हे दशक मात्र मला आजही दिवसागणिक आठवतं. गाडीत कॉम्प्युटर आला आणि पेट्रोल किती सोडायचं हे तो ठरवू लागला. त्यासाठी इंजिनात हवा किती जातेय हे त्याला कळायला हवं. काही गाड्यांत मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब सांगायचा, काहींत मॅफ सेन्सरची तापलेली तार हवेने किती थंड होते त्यावरून हिशेब व्हायचा. थ्रॉटलची झडप किती उघडलीय हे सांगायला टीपीएस. यातलं एक जरी खोटं बोललं, की गाडी झटके मारणार, पिकअप सोडणार, सिग्नलला बंद पडणार.

हे आम्हाला शिकवायला कुणी आलं नाही. कंपन्यांचं प्रशिक्षण अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतं. वायरिंगचा नकाशा मागितला तर मिळायचा नाही, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं जायचं की बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला तर वॉरंटी गेली. तो अन्याय होता आणि मी तो विसरलेलो नाही. ज्यांनी गावोगावच्या गाड्या रस्त्यावर ठेवल्या, त्यांनाच अडाणी ठरवलं गेलं. मग झेरॉक्सच्या झेरॉक्स काढलेली मॅन्युअलं या गॅरेजमधून त्या गॅरेजमध्ये फिरू लागली. पुसट झालेल्या पिनांचे नंबर आम्ही कपलरवर मोजून पक्के करायचो.

त्या धडपडीतून एक पद्धत तयार झाली. टीपीएसला तीन वायरी: एक पाच व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नलची. झडप बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास. डिजिटल मीटर इथे चकवायचा, म्हणून आम्ही काट्याचा जुना मीटर लावायचो आणि झडप अगदी सावकाश उघडायचो. काटा एकसारखा चढत गेला तर सेन्सर ठीक. मध्येच एका जागी पडून पुन्हा उठला, की समजायचं आतली कार्बनची पट्टी तिथे झिजलीय. बहुतेक वेळा ती जागा थोड्याशाच उघडलेल्या झडपेची, जिथे चालवणाऱ्याचा पाय दिवसभर असतो. व्होल्टेज क्षणभर पडायचं, पण मर्यादेबाहेर जायचं नाही. त्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागतच नसे, आणि गाडी मात्र नेमकी त्याच वेगाला हिसके देई.

मॅप सेन्सर तपासायला तर आमचा जिल्हाच प्रयोगशाळा. चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. अशा वेळी सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. समुद्रसपाटीला तो साधारण 100 किलोपास्कल, साताऱ्यात 93च्या आसपास, महाबळेश्वरला 86च्या घरात. घाट चढूनही ज्याचा आकडा हलत नाही, तो सेन्सर कामातून गेला. एवढ्या तपासाला पैसे पडत नसत, डोकं लागे.

पुढची वर्षं भराभर गेली. प्रदूषणाच्या नियमांत भारत स्टेज 4 आलं, गाडीने स्वतःचे दोष नोंदवणं सक्तीचं झालं, त्या दोषांचे कोड वाचणारे स्कॅनर स्वस्त झाले, ॲक्सिलरेटरची केबल जाऊन तिथे मोटर आली. 2020मध्ये भारत स्टेज 6 आलं. यंत्रं दरवेळी सुधारली, तपासणारे मात्र मागे राहिले.

गेल्या महिन्यात एक ओळखीचे शिक्षक एका सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट घेऊन आले. कोड पी 0171. उपाय म्हणून नवा मॅफ सेन्सर आणि नवी थ्रॉटल बॉडी. त्या कोडचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय, ते तो सांगत नाही. आम्ही फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, पाहिला. आयडलला कॉम्प्युटर भरपूर जादा पेट्रोल ओतत होता, अडीच हजार आरपीएमला ट्रिम जवळपास जागेवर. मॅफची तार मळली असती तर उलट जोर लावताना आकडा वाढला असता. म्हणजे हवा चोरवाटेने शिरत होती. मॅफ आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी होजच्या घड्या बोटांनी ताणून बघितल्या, तर खालच्या बाजूला, वरून दिसणार नाही अशा जागी, चीर सापडली. होज बदलला, गाडी सरळ झाली. दोन्ही महागडे भाग चांगले होते.

हे एकाच ठिकाणचं असतं तर लिहिलं नसतं. कोड वाचायचा आणि त्यात ज्याचं नाव येईल तो भाग बदलायचा, हीच आता रीत झालीय. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलावा, तसा हा उपचार. नव्या पोरांचा यात दोष नाही. तासाला किती गाड्या काढल्या यावर त्यांचं मोल ठरतं, मीटर हातात धरून विचार करायला त्यांना वेळच दिला जात नाही.

डिसेंबर 2022मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्याला खरा अर्थ तेव्हाच येईल, जेव्हा प्रत्येक गाडीचा वायरिंगचा नकाशा आणि सेन्सरची अपेक्षित रीडिंग्ज कुठल्याही मेकॅनिकला मिळतील. तोवर गाडीवाल्यांनी एवढं करावं: कुणी सेन्सर किंवा थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली, तर कोड विचारून थांबू नका. रीडिंग काय आलं, किती यायला हवं होतं आणि होज तपासला का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका.