चाकांवरचे बिऱ्हाड

मार्गशीर्षाचा कृष्णपक्ष लागला की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गाडीवाटांवर एके काळी रात्रंदिवस घुंगरांचा नाद ऐकू येई. खरिपाची सुगी उरकलेली असे, रब्बीची ज्वारी शिवारात डोलत असे आणि शेतकऱ्याला चार दिवसांची उसंत मिळालेली असे. मग एकामागून एक बैलगाड्या निघत, त्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला. माळेगाव हे नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील, नांदेड-लातूर रस्त्यावरचे एक लहानसे गाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तेथे देवस्वारी निघते, बेलभंडारा उधळला जातो आणि यात्रेला आरंभ होतो. एरवी शांत असणाऱ्या या गावाच्या माळावर पाहता पाहता एक नवे नगर वसते. घोडे, गाढवे, उंट, कंधार भागातील तांबडेलाल लाल कंधारी बैल, लातूरकडील पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मिरवणारी देवणी जनावरे यांचा मोठा बाजार तेथे भरतो.

मुलांनो, त्या देवस्थानाविषयी आणि बाजाराविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आज आपण पाहणार आहोत ती त्या गाड्यांतून येणारी बिऱ्हाडे. जे कुटुंब आपले घर चाकांवर घालून परगावी राहावयास जाते, त्याला बरोबर काय न्यावे लागते आणि जेथे ते उतरते तेथे काय मिळावे लागते, हा विचार मोठा मनोरंजक आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरात एकच लगबग उडे. गाडीच्या साटीवर प्रथम कडब्याच्या पेंढ्यांचा जाड थर घालीत. हा थर एकाच वेळी तीन कामे करी. वाटेत तो बसणाऱ्यांची गादी होई, मुक्कामी अंथरूण होई आणि बैलांची वैरणही तोच असे. अर्थात मुक्काम जसजसा लांबे, तसतशी ही गादी बैलांच्या पोटात जाई, आणि परतीच्या वाटेवर गाडीचे हादरे चांगलेच जाणवत! कडब्यावर वाकळ अंथरीत. वर बांबूच्या कामट्यांच्या कमानी बांधून त्यांवर तट्ट्याचे छप्पर घालीत. पाण्याची घागर दोरीने आवळून बांधलेली, मागे सरपणाची मोळी आणि आसाखाली टांगलेला कंदील, असा सारा थाट असे. कंदील खाली टांगण्याचे कारण उघड आहे. रात्री उजेड हवा असतो तो वाटेवर, गाडीवानाच्या डोळ्यांवर नव्हे.

शिदोरीची निवड तर घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या शहाणपणाची कसोटीच असे. नित्याची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. म्हणून प्रवासासाठी दशम्या करीत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, त्यामुळे ती अधिक काळ मऊ राहते. जोडीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाचा डबा आणि कांदे. जाते काही गाडीत घालता येत नाही. त्यामुळे मुक्कामी लागणारे पीठ आधीच दळून पिशव्या भरलेल्या असत. सामान भरण्याचाही एक क्रम असे. जे शेवटी लागणार ते सर्वांत आधी आत जाई आणि जे उतरताच लागणार, म्हणजे तवा, काड्यापेटी आणि घागर, ते सर्वांच्या वर राही. हा क्रम चुकला, की भर काळोखात सारी गाडी रिकामी करण्याची पाळी येई.

या साऱ्या संसाराचा भार मात्र दोन चाकांवर असे. म्हणून चाकाची थोडी ओळख करून घेऊ. मधोमध लाकडाचा जाड तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वाकदार लाकडांचा जोडलेला घेर आणि त्या घेरावर बसविलेली लोखंडी पट्टी, तिला धाव म्हणतात. ही धाव खिळ्यांच्या जोरावर टिकते असे पुष्कळांना वाटते, परंतु खरी गंमत निराळीच आहे. लोहार ती मुद्दामच चाकाच्या घेराहून किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांच्या मोठ्या जाळात तिला लालभडक तापवितात. तापल्यावर लोखंड प्रसरण पावते. चार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली, की तिची लांबी सुमारे दोन सेंटीमीटरांहून अधिक वाढते. एवढी वाढ चाकावर चढण्यास पुरेशी होते. लांब सांडशांनी धरून ती चाकावर बसवितात, घणांनी चोहीकडून ठोकतात आणि लगेच पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते आणि सारे आरे, सारे सांधे मुठीत आवळल्यासारखे घट्ट होतात. उन्हाळ्यात लाकूड वाळले की ही मूठ सैल पडते, चाक खुळखुळू लागते. अशा वेळी शहाणा गाडीवान गाडी नदीच्या पाण्यात उभी करून ठेवी. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात उष्णतेचा जो पाठ आहे, तो आमच्या लोहार-सुतारांना हातांनी पाठ होता.

माळावर पोहोचल्यावर पहिला प्रश्न जागेचा. चांगली जागा कोणती? पाण्याजवळची, परंतु पाण्याला लागून नसलेली. किंचित उंचावरची, परंतु वाऱ्याच्या तोंडी नसलेली. जागा ठरली की बैल सोडीत, जुवाखाली टेकू देऊन गाडी स्थिर करीत आणि तीन दगडांची चूल मांडली की घर उभे राहिले! शेजारची गाडी कोणत्या गावची हे चूल पेटण्यापूर्वीच ठाऊक झालेले असे, कारण विस्तव शेजारूनच मागून आणावयाचा असे. अशा मुक्कामांत ओळखी होत, बैलांचे सौदे ठरत, कधी सोयरिकीही जुळत.

पण लाखो माणसे आणि हजारो जनावरे एका माळावर चार दिवस राहिली, तर पाण्याचे काय होत असेल? पूर्वी यात्रा म्हटली की पटकीचे भय असे. लोक यात्रेला हसतखेळत जात आणि परतीच्या वाटेवर गावोगाव रोग पसरे. देवीचा कोप झाला असे लोक म्हणत. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा छडा लावला, आणि रोग्याच्या मळाने दूषित झालेल्या पाण्यावाटे हे जंतू पसरतात याविषयीची शंका हळूहळू मिटत गेली. पाणी पिण्याची जागा, जनावरे पाजण्याची जागा आणि शौचाची जागा या तिन्ही एकमेकींपासून दूर हव्यात, ही साधी गोष्ट. पण ती ठाऊक नसल्याने किती घरे उजाड झाली याची गणती नाही. आज यात्रेत टँकरचे शुद्ध पाणी असते, आरोग्यपथके असतात. बिऱ्हाडे आता बहुधा ट्रॅक्टर, टेम्पो किंवा एसटीने येतात आणि घुंगरांचा नाद विरळ झाला आहे.

देवस्वारीच्या दुसऱ्या दिवशी मार्गशीर्ष अमावस्या येते. लातूर जिल्ह्यात आणि आसपासच्या भागात हीच वेळ अमावस्या, बोलीत येळवस. या दिवशी गावेच्या गावे रिकामी होऊन शेतात लोटतात. कडब्याची कोप करून तीत पूजा मांडतात आणि भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण होते. हे बिऱ्हाड एकाच दिवसाचे. संध्याकाळी ते घरी परतते. तरी त्या एका दिवसासाठी मुले वर्षभर वाट पाहतात.

अशी हौस केवळ आपल्याच लोकांना आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्का नावाचा अतिथंड प्रदेश आहे. १८६७ साली अमेरिकेने तो रशियाकडून ७२ लाख डॉलरांना विकत घेतला. तो व्यवहार घडवून आणणारे मंत्री सेवर्ड यांचे नाव तेथील एका लहान किनारी गावाला दिलेले आहे. गावाची वस्ती तीन हजारांहून कमी, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढी. उन्हाळ्यात तेथे कुटुंबेच्या कुटुंबे मोटारघरे घेऊन राहावयास येतात. मोटारघर म्हणजे इंजिन लावलेली दमणीच म्हणा ना! आत बिछाने, शेगडी, न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या असतात; एक टाकी स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची. सांडपाणी वाटेल तेथे सोडता येत नाही. त्यासाठी नेमलेल्या जागी जाऊनच टाकी रिकामी करावी लागते. मुले समुद्रकाठी पाणमांजरे पाहतात, सॅल्मन मासे धरतात, बर्फाच्या नद्या पाहण्यास जातात. जूनमध्ये तेथील दिवस सुमारे १९ तासांचा असल्याने मुलांना निजविणे आईबापांस मोठे कठीण जात असेल! अन्न मात्र उघड्यावर ठेवावयाचे नसते, कारण त्याच्या वासाने अस्वले येतात.

सेवर्डच्या किनाऱ्यावर मोटारघरांना उतरण्यासाठी गावाने जी मोकळी जागा राखली आहे, तिची कथा ऐकण्यासारखी आहे. पूर्वी तेथे गोद्या, रेल्वेचे रूळ आणि तेलाच्या टाक्या होत्या. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्याचा भाग खचून समुद्रात गेला, टाक्या पेटल्या आणि पाठोपाठ महाकाय लाटा आल्या. जेथे कायमची बांधकामे वाहून गेली, तेथे आता चार दिवस राहून जाणारी घरे उतरतात. लातूरकरांना भूकंप म्हणजे काय हे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट येथील घराघरांत अजून आठवली जाते.

येथवर जी बिऱ्हाडे पाहिली ती हौसेची. चार दिवसांनी त्यांना परतण्यासाठी पक्के घर होते. परंतु ज्यांचे घर कायमच वाटेवर असे, त्यांच्या वाट्याला काय आले? पूर्वी बंजारा लोकांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्याच्या गोणी लादून देशभर फिरत. दुष्काळी मुलखात आणि लष्कराच्या छावण्यांत धान्य पोहोचे ते त्यांच्यामुळे. पुढे रेल्वे आली, गोणी आगगाडीच्या डब्यांत गेल्या आणि तांडे ठिकठिकाणी स्थिरावले. नांदेड-लातूरकडील कित्येक वस्त्यांना आजही तांडा हेच नाव आहे. फिरत्या लोकांकडे सरकार संशयाने पाहू लागले होते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. गुन्हा केलेला असो वा नसो, त्यांनी पोलिसांत नाव नोंदवावे, हजेरी द्यावी, परवानगीवाचून गाव सोडू नये, असा नियम होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा अन्यायी कायदा संपला; परंतु गावाबाहेर पाल पडलेले दिसताच कपाळाला आठी घालण्याची सवय कायद्याबरोबर संपली नाही, हे खेदाने म्हणावे लागते. यात्रेतील गाडीला जो गावकरी विस्तव देतो, तोच या पालाकडे वाकड्या नजरेने पाहतो. दोन्हीकडे चूल तीन दगडांचीच असते.

आजही आपल्या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे संसार घेऊन बाहेर पडतात, ती ऊस तोडण्यासाठी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात राहावे लागते. तेथील घर म्हणजे फडाजवळची कोपी. नाव येळवशीच्या कोपीशी जुळते, पण मुक्काम पाच-सहा महिन्यांचा असतो. पहाटे काळोखातच आईबाप फडात जातात, पाणी लांबून आणावे लागते आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम बहुधा थोरल्या बहिणीकडे येते. तुमच्या वर्गातील एखादे बाक दिवाळीनंतर रिकामे झालेले तुम्ही पाहिले असेल. होळीच्या आगेमागे ते मूल परत येते, तोवर अपूर्णांक आणि दशांश शिकवून झालेले असतात. या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुढे गावातच हंगामी वसतिगृहे सुरू झाली. तेथे मुले आजी-आजोबांजवळ किंवा शेजाऱ्यांकडे राहतात, त्यांच्या जेवणाची सोय केली जाते आणि ती रोजच्याच शाळेत, रोजच्याच बाकावर बसतात. आईबापांची गाडी मात्र त्या वर्षी त्यांना न घेता निघते. आई जाताना दशम्यांची एक चवड घरीही ठेवून जाते.